बीटलला मोठे सिलिंडर बसवताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत. जुन्या फोक्सवॅगन बीटलचं हवेवर थंड होणारं १६०० चं इंजिन उघडायचं आहे, आणि उघडतोच आहोत तर सिलिंडर मोठे बसवावेत का? मोह समजण्यासारखा आहे. या इंजिनाचे चारही सिलिंडर सुटे असतात, क्रँककेसमधून (इंजिनाच्या मुख्य धडातून) उपसून काढता येतात. ब्लॉकला बोअर मारत बसायला नको. कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी १९६० च्या दशकात हा उद्योग जोरात सुरू केला आणि तेव्हापासून मोठ्या सिलिंडरांचे सेट तयार मिळतात. पण सेट विकत घेणं आणि सरकवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. पत्रं कामाच्या क्रमाने घेतली आहेत.

प्रश्न (पुणे) : माझी गाडी १९७१ ची, इंजिन १५८४ सीसी. बाजारात ८७, ८८, ९०.५, ९२ आणि ९४ मिमीचे सेट दिसतात. मेकॅनिक म्हणतो ८८ घ्या, क्रँककेस न उघडता बसतो. बरोबर आहे का?

उत्तर : बसतो हे बरोबर. घ्या हे चूक.

तुमचा मूळ सिलिंडर आतून ८५.५ मिमीचा आहे आणि क्रँककेसच्या ज्या भोकात तो शिरतो ते ९० मिमीचं. म्हणजे तिथे भिंतीला साधारण सव्वादोन मिमी जाडी मिळते. त्याच भोकात ८७ चा सिलिंडर घातला तर भिंत दीड मिमी उरते, आणि ८८ चा घातला तर जेमतेम एक मिमी. एक मिमीचं बिडाचं नळकांडं तापलं की गोल राहत नाही. ते अंडाकृती झालं की रिंगा भिंतीला टेकत नाहीत, कॉम्प्रेशन खाली गळतं, गळलेला गरम वायू ऑईल तापवतो, आणि वर हेडशी, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाशी, होणारी बैठकही बिघडते. सहाआठ महिने गाडी झकास पळते, मग धूर सुरू होतो.

आता बाकीच्यांचा हिशेब. ६९ मिमी चालीचा मूळ क्रँक तसाच ठेवला तर ८७ ने १६४१ सीसी होतात, ९०.५ ने १७७६, ९२ ने १८३५ आणि ९४ ने १९१५ च्या आसपास. ९०.५ पासून पुढे क्रँककेस आणि हेड दोन्ही मशीनवर न्यावे लागतात, सुटका नाही. पण त्या बदल्यात सिलिंडरची भिंत पुन्हा जाड मिळते. आमचं मत विचाराल तर महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात रोज नाही तरी आठवड्याला चालणाऱ्या गाडीसाठी ९०.५ हाच आकडा. ताकद जाणवण्याइतकी वाढते आणि इंजिन मूळ इंजिनाइतकंच टिकू शकतं. ९२ चे दोन प्रकार मिळतात, एक ९०.५ च्या भोकात बसणारा पातळ आणि दुसरा ९४ च्या भोकात बसणारा जाड. ९२ च घ्यायचा असेल तर दुसरा. ९४ मध्ये भिंत पुन्हा पातळ होते; तो शर्यतवाल्यांचा सौदा आहे, घाटात चार माणसं घेऊन चढणाऱ्यांचा नाही.

क्रँककेस अजिबात उघडायची नसेल तर नवा ८५.५ चा सेट बसवा आणि वाचलेले पैसे हेडवर खर्च करा. थकलेल्या ८८ पेक्षा ताजा ८५.५ जास्त ओढतो.

प्रश्न (नाशिक) : ९०.५ चा सेट आणला आहे. मशीनशॉपवाला विचारतो, भोक किती मिमीचं करू? कोणी ९४ सांगतं, कोणी ९६.

उत्तर : आकडा सांगूच नका. सिलिंडर त्याच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, यावर माप घे. वेगवेगळ्या बनावटीच्या सिलिंडरांचं बाहेरचं माप थोडं थोडं वेगळं असतं. बसवलेला सिलिंडर हाताने, ठोकाठोकी न करता आत जायला हवा आणि आत गेल्यावर डावीकडे उजवीकडे हलायला नको. क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे, तापल्यावर ती बिडापेक्षा जास्त फुगते. म्हणून थंड असताना सैल वाटणारा सिलिंडर गरम झाल्यावर आणखी सैल होतो.

शॉपवाल्याला तीन गोष्टी मात्र लिहून द्या. पहिली, क्रँककेसमध्ये फक्त व्यास वाढवायचा, सिलिंडर ज्या कडेवर टेकतो ती बैठक चारही ठिकाणी एकाच पातळीत राहिली पाहिजे. दुसरी, हेडमध्ये सिलिंडर जिथे टेकतो त्या दोन खाचांची खोली एकमेकींशी ०.०५ मिमीच्या आत जुळली पाहिजे. एक खाच खोल आणि एक उथळ झाली तर उथळ बाजू आधी टेकते, खोल बाजूचा सिलिंडर कधीच नीट दाबला जात नाही आणि तिथून कॉम्प्रेशन शिट्टी वाजवत निघून जातं. इथे गॅस्केट नसतं, धातू धातूवरच बसतो, त्यामुळे चूक झाकायला काही नाही. तिसरी, हेड आवळणाऱ्या स्टडच्या भोकांना स्टीलच्या आट्यांची बुश बसवायची. मॅग्नेशियममधले मूळ आटे पन्नास वर्षांनी दम धरत नाहीत.

पण मशीनवर नेण्याआधी ही क्रँककेस पैसे घालण्याच्या लायकीची आहे का ते बघा. डाव्या बाजूला, तीन नंबर सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलकडच्या भागात तडे जाण्याची तिची जुनी खोड आहे. केस धुऊन कोरडी करा, लाल डाय लावा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा असला तर लाल रेघ उमटते. मग मेन बेअरिंगच्या घरांचं माप. ती अंडाकृती झाली असतील तर लाइन बोअर करून (सगळी घरं एका सरळ रेषेत पुन्हा कोरून) बाहेरून वाढीव मापाची बेअरिंगं घालावी लागतात. एकच केस दोनतीनदा लाइन बोअर झालेली असेल तर दुसरी शोधा.

मशीनवरून आल्यावर ऑईलच्या वाहिन्यांची बुचं ड्रिल करून काढा, आटे पाडून स्क्रूची बुचं बसवण्याची तयारी ठेवा, आणि वाहिन्यांतून बाटली धुवायचा लांब ब्रश साबणपाण्यात बुडवून फिरवा. मग रॉकेल, मग हवा. बोअरिंगचा बारीक कीस तिथेच दडून बसतो आणि पहिल्या दहा मिनिटांत बेअरिंगमध्ये जातो. या इंजिनाला मुळात फिल्टर नाही, तळाला फक्त जाळी आहे. केस उघडी आहे तोवर पंपाबाहेर पूर्ण ऑईल गाळणारा फिल्टर जोडण्याची सोय करून घ्या. मोठ्या सिलिंडरांहून हा खर्च जास्त कामाचा.

प्रश्न (कोल्हापूर) : डेक हाइट आणि कॉम्प्रेशन रेशो हे घरी मोजता येतं का? की पिस्टन बसवले, हेड आवळलं, झालं?

उत्तर : घरी येतं, आणि मोजलंच पाहिजे. उद्यमनगरात ऑईल इंजिनांची कामं करणाऱ्या कुणाकडेही यासाठी लागणारी हत्यारं मिळतील : डेप्थ गेज, फिलर गेज आणि शंभर मिलिचं काचेचं ब्युरेट.

डेक हाइट म्हणजे पिस्टन अगदी वर आला असताना त्याच्या माथ्यापासून सिलिंडरच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. रिंगा न घालता पिस्टन रॉडला लावा, सिलिंडर चढवा. स्टडवर पाइपचे तुकडे आणि वॉशर घालून नट हलके आवळा, म्हणजे सिलिंडर खाली बसून राहील. नुसता हाताने दाबून धरलात तर माप फसवं येईल. क्रँक फिरवून पिस्टन वर आणा. आता डेप्थ गेज पिस्टनच्या पिनच्या रेषेत धरा. आडव्या दिशेने धरलंत तर पिस्टन डुलतो आणि दोनतीन दशांश मिमीचा फरक पडतो. चारही सिलिंडर मोजा. आपसांतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा.

हवी ती उंची १.० ते १.५ मिमी. एकपेक्षा कमी झाली तर गरम इंजिनात, जास्त फेऱ्यांवर, पिस्टन हेडला चाटायची भीती. दोनच्या पुढे गेली तर पिस्टन आणि हेडच्या सपाट कडेमधली जागा इतकी वाढते की मिश्रण तिथून पिळून निघत नाही, सावकाश जळतं आणि उलट खणखण (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) वाढते. कमी असेल तर सिलिंडरच्या बुडाशी शिम (धातूची पातळ कडी) घाला. हेडच्या बाजूला शिम कधीही घालू नका.

दुसरं माप हेडमधल्या पोकळीचं. व्हॉल्व्हच्या सीटला ग्रीस लावून व्हॉल्व्ह बसवा, प्लग लावा, हेड उलटं करून पाणसळीने समतल ठेवा. सहा मिमीचं भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल थेंब थेंब सोडा. हवेचा शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा वाचा. चारही पोकळ्यांमध्ये अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर लहान पोकळी घासून वाढवा.

आता हिशेब, कारण बहुतेक इंजिनं इथेच मरतात. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असताना उरलेली जागा. मूळ ८५.५ चा एक सिलिंडर ३९६ सीसीचा. समजा तुमची पोकळी ५० सीसी आहे आणि डेक १.२ मिमी. डेकमधली जागा ६.९ सीसी. म्हणजे वर उरलेली जागा ५६.९, आणि ३९६ आणि ५६.९ यांची बेरीज भागिले ५६.९ म्हणजे जवळजवळ ८. आता तेच हेड, तोच डेक, फक्त बोअर ९०.५. सिलिंडर झाला ४४४ सीसी, डेकमधली जागा ७.७, वरची जागा ५७.७. रेशो ८.७. काहीही ‘ट्यून’ न करता, नुसते मोठे सिलिंडर घालून रेशो पाऊण आकड्याने चढला. एप्रिलमध्ये, साध्या पेट्रोलवर, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला ८.७ म्हणजे विस्तवाशी खेळ. आठच्या वर जाऊ नका. त्यासाठी पोकळी ५४ सीसीपर्यंत वाढवा, व्हॉल्व्हच्या कडेने भिंत थोडी मागे घासून, आणि डेक १.५ ठेवा. मग आकडा येतो ७.९७. भिंत मागे गेल्यामुळे मिश्रणालाही व्हॉल्व्हभोवती मोकळी वाट मिळते.

शिम घातले की हेड तेवढं बाहेर सरकतं हे लक्षात ठेवा. पुशरॉडची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरला ढकलणाऱ्या दांड्याची, लागणारी लांबी बदलते. व्हॉल्व्ह निम्मा उघडलेला असताना रॉकरचा स्क्रू व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सरळ रेषेत यायला हवा. लांबी कमीजास्त होणारी एक पुशरॉड घेऊन ते आधी बघा आणि मगच बाकीच्या सात कापा. पुशरॉडच्या नळ्या हेड चढवण्याआधी दोन्ही हातांनी ओढून १९० ते १९१ मिमीपर्यंत लांबवायच्या असतात. शिम जाड असेल तर तेवढं त्यात मिळवा. नळीचा सांधा वरच्या बाजूला ठेवा, कारण सांधा कधी गळला तर खालून ऑईल टपकण्यापेक्षा वरचा बरा.

प्रश्न (म्हापसा) : १९६८ च्या गाडीत १७७६ सीसी बांधून घेतलं. दोन वर्षांत दोनदा तीन नंबरचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला. बाकी तीन ठणठणीत. सिलिंडरमध्ये दोष असेल का?

उत्तर : सिलिंडर बिचारा निर्दोष. तो चुकीच्या जागी बसलेला आहे.

ड्रायव्हरच्या सीटवरून मागे पाहिलं नाही, पुढेच पाहिलं, तर इंजिनाची डावी बाजू म्हणजे तीन आणि चार नंबर; तीन नंबर पुढचा, फ्लायव्हीलकडचा. १९७० पर्यंतच्या रचनेत ऑईल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, बरोबर तीन नंबरच्या डोक्यावर उभा असतो. म्हणजे तीन नंबरला मिळणारी हवा आधी कूलरमधून गाळून, तापून येते, आणि कमीही येते. कंपनीलाही हे माहीत होतं. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरचा स्पार्क मुद्दाम काही अंश उशिरा ठेवलेला असे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर आवरणाच्या बाहेर, स्वतःच्या वेगळ्या घरट्यात गेला आणि त्याची गरम हवा थेट बाहेर निघू लागली. या नव्या रचनेचा पंखाही रुंद आहे. मूळ इंजिनाला जुनी रचना कशीबशी पुरते, १७७६ ला पुरत नाही. आवरण, पंखा, कूलर आणि त्याचे पत्रे असा नंतरचा पूर्ण संच घाला. अर्धा घातलात तर उपयोग नाही.

पण त्याआधी एक फुकटची तपासणी. पंख्याखालचे सगळे पत्रे जागेवर आहेत का? सिलिंडरांच्या पोटाखाली दोन नागमोडी पत्रे असतात, ते हवा सिलिंडरच्या पंखांभोवती, म्हणजे बाहेरच्या पातळ कड्यांभोवती, वळवतात. ते मोठ्या सिलिंडरांना अडतात म्हणून फेकून दिले जातात. कापून बसवा, फेकू नका. इंजिन आणि बॉडीमधली रबरी पट्टी गेली असेल तर खालची गरम हवा पुन्हा वर येऊन पंख्यात जाते.

मग हेड उतरवून खिडकीशी धरा. एक्झॉस्टच्या बाजूच्या आणि प्लगजवळच्या पंखांमधून आरपार उजेड दिसला पाहिजे. नव्या हेडमध्ये सुद्धा ओतकामाचा पातळ पापुद्रा तिथे राहिलेला असतो आणि हवेची वाट बुजवून टाकतो. चार मिमीच्या ड्रिलने, हाताने फिरवत, हळूच मोकळा करा. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि कुठलंही मशीनशॉप तुमच्यासाठी करत नाही.

जळलेल्या व्हॉल्व्हशेजारचा ‘चांगला’ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा वापरू नका. तो दोन तुकडे जोडून केलेला असतो आणि थकल्यावर त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं. मग सिलिंडर, पिस्टन, हेड सगळंच जातं. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनात ०.१५ मिमी ठेवा. दर पाच हजार किलोमीटरला तपासताना एखाद्याच व्हॉल्व्हची फट सारखी कमी होत असेल तर तो दांडा ताणला जातोय असं समजा. वेळेवर मिळालेला इशारा आहे तो. आवाज न करणारा टॅपेट चांगला, ही समजूत या इंजिनात घातक आहे. थोडी टकटक हवीच.

प्रश्न (ठाणे) : नवा सेट बसवला, पाचशे किलोमीटर झाले, निळा धूर थांबत नाही. रिंगा बदलू का?

उत्तर : आधी विचारा, बसवताना काय झालं होतं. सिलिंडर येतात तेव्हा गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस लावलेलं असतं. ते पेट्रोलने पुसून भागत नाही. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश, पांढरं फडकं काळं येणं थांबेपर्यंत. मग लगेच कोरडं करून हलकं ऑईल.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलायची आणि तोंडाची फट फिलरने मोजायची. कॉम्प्रेशन रिंगांना ०.३० ते ०.४५ मिमी, ऑईल रिंगला ०.२५ ते ०.४०. कमी असेल तर कानसावी, नाहीतर गरम झाल्यावर टोकं भिडून सिलिंडर खरवडतो. ‘टॉप’ लिहिलेली बाजू पिस्टनच्या माथ्याकडे. फटी एकमेकींपासून १२० अंशांवर, आणि ऑईल रिंगची फट वरच्या बाजूला, कारण सिलिंडर आडवा आहे आणि ऑईल तळाशी साचतं. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे. बाण उलटा असेल तर पिनची जागा मध्यापासून सरकलेली असल्यामुळे थंड असताना पिस्टन खडखडतो.

हे सगळं बरोबर असेल, तर शेवटचा संशय गाडी चालवण्याच्या पद्धतीवर. पहिले पाचशे किलोमीटर जपून, तिसऱ्या गियरवर रेंगाळत चालवलं की रिंगा बसतच नाहीत, भिंतीला फक्त गुळगुळीत चमक येते. भार द्या : मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात चाळीसवरून सत्तरपर्यंत दाबून न्या, मग पाय काढून तसंच गियरमध्ये उतरू द्या, दहाबारा वेळा. सिंथेटिक ऑईल असेल तर काढून साधं भरा. एवढ्याने नाही थांबलं तर मग हेडच्या गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या) तपासा. रिंगांचा नंबर त्यानंतर.

प्रश्न (सांगली) : हेडचे नट दर महिन्याला ढिले होतात. मी दर वेळी थोडे जास्त आवळतो.

उत्तर : थांबा, आणखी आवळू नका. नट ढिला होत नाही, स्टड आट्यांसकट मॅग्नेशियममधून वर येतोय. १० मिमीच्या स्टडला ३२ न्यूटन-मीटर, ८ मिमीच्याला २५, बस. आधी सगळे हाताने, मग १० वर, मग मधल्या चारपासून तिरकस क्रमाने पूर्ण. बिडाचा सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचं हेड तापून फुगतात तेव्हा ताण स्वतःच वाढतो. तुम्ही आधीच चाळीसवर नेलात तर आटे उखडायला फक्त एक घाट पुरतो. बुश बसवण्याशिवाय उपाय नाही. रॉकरच्या डब्याच्या आत येणाऱ्या नटांच्या वॉशरखाली सीलंट लावायला विसरू नका, तिथून ऑईल स्टडवाटे खाली उतरतं आणि लोक सिलिंडरचा कागदी गॅस्केट बदलत बसतात.

प्रश्न (नागपूर) : १७७६ ला मूळचा ३४ पीआयसीटी कार्बोरेटर चालेल का? दोन कार्बोरेटरचा सेट महाग आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल.

उत्तर : चालेल. वरच्या फेऱ्यांवर दम कमी पडेल, पण शहरात आणि हायवेवर ऐंशीला तक्रार राहणार नाही. मात्र मूळ जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची बुचं) ठेवू नका. मोठा सिलिंडर त्याच नळीतून जास्त हवा ओढतो, आणि इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून ई-२० वर तेच जेट सातआठ टक्के पातळ मिश्रण देतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, आणि नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. मेन जेट दोन पायऱ्या वाढवून सुरुवात करा. दहा किलोमीटर भाराखाली चालवा, चालू गियरमध्येच क्लच दाबून इंजिन बंद करा, प्लग काढून पाहा. पांढरा, खडूसारखा असेल तर अजून एक पायरी. विटकरी तपकिरी हवा. इथेनॉल जुनं रबर फुगवतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी, पंपाचा पडदा आणि नीडल व्हॉल्व्ह बदलाच. पेट्रोलची नळी इंजिनाच्या बरोबर वर आहे आणि बीटल जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

व्हॅक्यूम नसलेला ००९ डिस्ट्रिब्युटर असेल तर टायमिंग लाइटने, साडेतीन हजार फेऱ्यांवर, ठिणगी एकूण २८ ते ३० अंश आधी पडेल असं लावा. थांबलेल्या इंजिनावर साडेसात अंश लावून सोडून देऊ नका, जुन्या डिस्ट्रिब्युटरचे स्प्रिंग थकलेले असतात आणि वर ते ३६ पर्यंत जातात. ऑईलचं तापमान दाखवणारा काटा बसवा. ११० पर्यंत काळजी नाही, १२० ला थांबायचं, मागचं इंजिनाचं झाकण उघडून.

प्रश्न (न्यू जर्सी) : सगळं जोडून तयार आहे. पहिल्यांदा सुरू करताना क्रम काय?

उत्तर : त्याआधी क्रँकची मागेपुढे होणारी चाल मोजली का? फ्लायव्हीलमागे तीनच शिम, चाल ०.०७ ते ०.१३ मिमी. फ्लायव्हीलचा ३६ मिमीचा नट ३४० न्यूटन-मीटरच्या थोडा वर. सत्तर किलोच्या माणसाने अर्ध्या मीटरच्या पाइपवर उभं राहावं, इतका.

अडीच लिटर ऑईल, फिल्टर लावला असेल तर तोही भरून. प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत. नवा कॅम (व्हॉल्व्हना चाल देणारा उंचवट्यांचा दांडा) असेल तर इंजिन सुरू होताच लगेच दोन हजार ते अडीच हजार फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा, आयडलवर नाही. कॅमच्या नाकांना ऑईल क्रँकच्या उडवण्यातून मिळतं, पंपातून नाही. सुरू झालं आणि लगेच बंद पडलं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असं दहा मिनिटं चाललं तर कॅमची नाकं झिजायला तेवढं पुरतं. म्हणून स्पार्कचा क्रम, १-४-३-२, आधीच दोनदा तपासा. नंतर ऑईल बदला, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा ०.१५ वर. पाचशे किलोमीटरला हेच पुन्हा.

प्रश्न (मुंबई) : १९६२ ची १२०० सीसीची, सहा व्होल्टची गाडी आहे. व्हिंटेज नोंदणी करायची आहे. इंजिन मोठं केलं तर अडचण येईल का?

उत्तर : येईल. केंद्राने २०२१ साली आणलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. ‘व्हीए’ची पाटी लागल्यावर ती रोजच्या वापरासाठीही नाही. नेहमीच्या नोंदणीवर ठेवायची असेल तरी आरसीवर सीसी लिहिलेले असतात आणि बदलासाठी आरटीओची परवानगी लागते.

तुमच्या इंजिनाचा नंबर क्रँककेसवर, जनरेटरच्या पायाखाली कोरलेला आहे. तीच केस मशीनवर चढवून भोकं वाढवलीत की परतीची वाट बंद. १२०० चं मूळ इंजिन मूळ मापात नीट बांधा. पिकअप हवाच असेल तर वेगळं १६०० घ्या. त्याचं १३० दातांचं बारा व्होल्टचं फ्लायव्हील सहा व्होल्टच्या गियरबॉक्सच्या घरात अडतं, तिथे आतून कड घासावी लागते. आणि ती घासण्याआधी व्हिंटेज पाटीचा विचार पक्का करा.